पिठातली पावलं

आमच्या घरात वेळ घड्याळापेक्षा आवाजावरून कळायची. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी होती. गव्हाचं दळण चालू असलं की तिचा आवाज भरल्या पोटाचा असायचा, ज्वारीचा जरा खरखरीत, आणि दगडांमधलं धान्य संपत आलं की एकदम मोकळा, चिडका. तो चिडका आवाज आला की आई तव्यावरची भाकरी तशीच सोडून भिंतीवर थाप मारायची, "अवो, दगूड रिकामा फिरतोय." गुरुवारी वीज नसायची. त्या दिवशी गिरणी बंद, आणि आम्ही सवयीने एकमेकांशी ओरडून बोलायचो, मग आपल्याच आवाजाला दचकायचो. आजही कुणी मला "बाई, हळू बोला" म्हणालं की मी सांगते, गिरणीत वाढलेय, हळू बोलायचं शिक्षण झालेलं नाही. बाकीचं झालंय.

बिबवेवाडीत तेव्हा सोसायट्या नुकत्या उठत होत्या. जिथे आमच्या आजोबांचा गहू उभा असायचा तिथे तीन मजली इमारती आल्या, आणि त्या इमारतींतली माणसं गव्हाचे डबे घेऊन आमच्या दारात रांग लावू लागली. अण्णांना त्याचं दुःख नव्हतं, गंमत वाटायची. "आधी गहू पिकवायचो, आता दळतो. गहू काय आपल्याला सोडत न्हाई," म्हणायचे. गिरणीत ते कायम अनवाणी असत. पीठ म्हणजे अन्नपूर्णा, तिच्या अंगणात चपला घालून फिरायचं नाही, हा त्यांचा नियम. गिऱ्हाइकांनाही उंबऱ्याबाहेर चपला काढायला लावायचे. संध्याकाळपर्यंत फरशीवर पिठाचा पातळ थर बसायचा आणि त्यात त्यांची पावलं उमटायची, रुंद, पाचही बोटं फाकलेली. लहानपणी मी त्या पावलांत माझे पाय ठेवत ठेवत दारापर्यंत जायचे.

खाणं म्हणजे काय, तर पीठ. सकाळी चहात बुडवून रात्रीची चपाती, दुपारी भाकरी, चारला गूळ-तूप घालून कुस्करलेली चपाती, रात्री परत भाकरी आणि वर भात. भाजी तोंडी लावायला, तीही इतकी तिखट की तिच्या जोरावर आणखी एक भाकरी जावी. आणि चहा. गिरणीवरचा चहा साखरेच्या पाकासारखा असायचा, कपाच्या बुडाशी राहिलेली साखर अण्णा बोटाने निपटून घ्यायचे. गव्हाची पारख करायची तर चार दाणे तोंडात टाकून चावायचे. चांगला गहू चावता चावता चिकट होतो आणि मग गोड लागतो. येईल त्या डब्यातले चार दाणे, म्हणजे दिवसभर तोंड चालूच. तरी पोटभर जेवून उठलेला हा माणूस दोन तासांत फडताळातले डबे उघडत असायचा. आई म्हणायची, "तुमचं प्वाट हाय का गिरणी?" आम्ही हसायचो. ते कशाचं लक्षण असेल हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. हे मी अभिमानाने सांगते आणि पुन्हा पुन्हा सांगते. ज्यांचे आजोबा पदवीधर होते त्यांना ऐकून कंटाळा येतो. येऊ दे.

पाऊस सरत आला होता. एका संध्याकाळी कॉलेजातून आले, गिरणीत डोकावले आणि पिठातली पावलं पाहिली. डाव्या पावलाच्या अंगठ्याशेजारच्या बोटापाशी तांबडा ठिपका होता. पुढच्या पावलातही तोच. दारापासून गिरणीपर्यंत, गिरणीपासून वजनकाट्यापर्यंत, पांढऱ्या पिठात कुंकू सांडावं तसे ठिपके गेले होते.

"अण्णा, पायाला काय लागलं?"

"कुठं काय?" ते म्हणाले. मग पाय उचलून त्यांनी दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पाहिला. गुळगुळीत झालेला दगड खरखरीत करायला टाकी लावताना उडालेली कपची बोटाच्या खालच्या बाजूला रुतून बसली होती. केव्हा लागली, त्यांना पत्ता नव्हता. दुखत नव्हतं. मला त्या रक्ताची भीती वाटली नाही तेवढी त्या न दुखण्याची वाटली.

मंडईजवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाय पाहिला, तपासणी केली आणि चष्म्यावरून विचारलं, "काय करता आपण?"

"गिरणी हाय. पिठाची."

"उत्तम. म्हणजे शत्रूच्या घरीच मुक्काम आहे." अण्णा हसले, डॉक्टर हसले नाहीत. मधुमेह बराच जुना आहे म्हणाले. गोळ्या दिल्या, साखर बंद, गूळ बंद, पायात चप्पल. जखमेला लावायला टिंक्चर आयोडीन दिलं. "दसऱ्यापर्यंत वाट पाहू. नाही सुकली तर बोट काढावं लागेल. आणि ते बोटावर थांबेल, असं मी काही लिहून देत नाही."

गिरणी म्हणजे दिवसभर उभं राहण्याचा धंदा. हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. घरी येताना बसमध्ये अण्णा एकच वाक्य बोलले, "बसून दळता येत न्हाई." आणि गिरणीत चपला घातल्या त्या दिवशी पहिल्यांदा ते उंबऱ्याला हात लावून नमस्कार करून आत गेले, माफी मागितल्यासारखे.

रोजची तपासणी माझ्याकडे आली. तेव्हा घरी रक्त तपासायची सोय नव्हती. औषधाच्या दुकानात निळ्या द्रावणाची बाटली मिळायची. ते परीक्षानळीत घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं तर भरपूर. आईने मोरीच्या कट्ट्यापलीकडे तो प्रकार येऊ दिला नाही. "बापाचं मूत उकळायला शिकविती व्हय गं तुमची मास्तरीण?" म्हणायची, पण रंग काय आला ते बघायला पदराने नाक झाकून उभी राहायची.

रंग विटेचा आला. साखर बंद करून आठवडा झाला तरी जवळजवळ विटेचाच. मग घरात संशय शिरला. आईने साखरेचा डबा धान्याच्या कणगीमागे दडवला. अण्णांचा पारा चढलेला असायचा, गिऱ्हाइकांवर खेकसायचे, बिनसाखरेचा चहा एक घोट घेऊन नाल्यात ओतायचे. "चोर ठरवलं मला घरात," म्हणाले. मला ते खरं बोलत आहेत की नाही हे कळत नव्हतं, म्हणून मी ठरवलं, आपणही साखर सोडून बघू. काय होतं ते तरी समजेल. पहिले दोन दिवस ऐटीत गेले. मग डोकं असं धरलं की पुस्तकातल्या ओळी हलायला लागल्या. संध्याकाळी मैत्रिणीने पेपरमिंटची गोळी पुढे केली तेव्हा माझा हात माझ्याआधी पुढे गेला. तो हात मी आजही विसरलेले नाही. वीस वर्षांची मुलगी, कसलं व्यसन नाही, आणि एका गोळीसाठी तोंडाला पाणी सुटून नाही म्हणून मान हलवणं जड गेलं. घरी येऊन मी अण्णांना सांगितलं, "तुम्ही चोरून खात नाही, यावर माझा विश्वास आहे. पण खावंसं किती वाटत असेल, ते आज कळलं."

त्यांनी गिरणीचा पट्टा बोटाने दाबून पाहिला. "तंबाखू सोडली तवा एवढं झालं न्हवतं," म्हणाले.

मग साखर येते कुठून? आईच्या आणि माझ्या डोक्यात तेवढाच प्रश्न फिरत होता. आणि अशात नवरात्र आलं.

नवरात्राआधी आमच्या गिरणीत एक सोहळा असायचा. उपासाचं पीठ दळायचं तर दगड पूर्ण साफ करावे लागत. पट्टा उतरवायचा, वरचा दगड उचलायचा, ब्रशने घासायचं, मग थोडी वरी दळून ती गाईला घालायची, आणि त्यानंतर लोकांचा राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा घ्यायचा. सोसायटीतल्या आपटेकाकू तर सगळं होईपर्यंत स्टुलावर बसून पहारा करायच्या. "गव्हाचा कणही यायला नको हं, अण्णा. तुमचं काय जातं, पुण्य आमचं बुडेल." अण्णा मान डोलवायचे. गहू एकीकडे, उपासाचं दुसरीकडे. या दोन जगांमधली भिंत त्यांनी आयुष्यभर राखली होती.

त्या वर्षी त्यांनी नऊही दिवसांचा उपास धरला. आईनेच देवीला बोललं होतं, बोट वाचू दे, नऊ दिवस अन्न शिवणार नाहीत. मलाही बरं वाटलं. नऊ दिवस ना चपाती, ना भाकरी, ना भात. द्रावण आता तरी निळं राहील असं वाटलं. आईने जिवापाड केलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी, चारला उकडलेलं रताळं, रात्री बटाट्याची भाजी आणि राजगिऱ्याची थालीपिठं. साखर कणभर नाही. दुसऱ्या दिवशी परीक्षानळी उकळली, आणि आजवर आला नव्हता इतका गडद विटकरी रंग आला. तिसऱ्या दिवशीही तसाच. जखमेच्या कडा ओल्या होत्या, आणि वास येऊ लागला होता.

त्या दुपारी मी अण्णांच्या पायाला टिंक्चर लावत होते. शेजारी त्यांची खिचडीची बशी होती. बोळा पिळताना एक थेंब बशीत पडला. मी बशी बाजूला सारली, आणि परत ओढली. तपकिरी थेंब पडला होता तिथे साबुदाणा काळा-निळा झाला होता, शाई सांडावी तसा.

हा प्रयोग मी कॉलेजात केला होता. आयोडीन काळंनिळं पडलं की तिथे स्टार्च आहे, पिष्ट पदार्थ. परीक्षेत मार्कही मिळाले होते. पण कॉलेजातलं स्टार्च पांढऱ्या पुडीत असायचं. ते आमच्या स्वयंपाकघरात नांदत असेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. मी उठले आणि परातीत चिमूट चिमूट मांडत गेले. गव्हाचं पीठ, काळं. ज्वारी, काळी. वरी, काळी. बटाटा, रताळं, शिंगाडा, सगळं काळं. दही जसंच्या तसं. काकडी तशीच. खोबरं तसंच. शेंगदाण्यावर जरासा करडा डाग. राजगिऱ्यावर मात्र तांबूस-जांभळा रंग आला, आणि आई म्हणाली, "बघ, राजगिरा येगळा हाय." तिला तेवढाच आधार हवा होता. तोही स्टार्चच, फक्त त्याची घडण वेगळी, हे मला खूप नंतर वाचून कळलं. तेव्हा मी एवढंच म्हणाले, "रंग वेगळा, पण आयोडीनने पकडलंच ना त्याला."

मग आईचा बांध फुटला. "नवरात्रात उपासाच्या जिनसांवर औषध वततीस? कालिजात ह्येच शिकलीस, देव बाटवायला?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते परातीवर वाकले होते. गव्हाचं पीठ आणि वरीचं पीठ शेजारी शेजारी, दोन्ही सारखेच काळे. ज्या दोन जिनसांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं दगड उचलून घासले होते.

"साखर कुठंय यात?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, गहू चावला की गोड का लागतो?"

त्यांनी जीभ गालात फिरवली, जणू आत दाणे असावेत. "चावून चावून गोड हुतो."

"आधी गोड नसतो. तोंडातच त्याची साखर व्हायला लागते. मग पोटात उरलेल्याची. वरीचीही होते आणि साबुदाण्याचीही."

गिरणी चालू होती. दळण संपत आलं असावं, आवाज मोकळा व्हायला लागला, पण आईने भिंतीवर थाप मारली नाही. अण्णा उठले, जाऊन बटण बंद केलं, परत येऊन बसले.

"म्हंजी नऊ दिवस आपण सोडलं काय?" ते आईला म्हणाले. "गहू सोडला आन् गव्हाचा भाऊ घरात घेतला. देवीला काय आंधळी समजतो का आपण?"

"मी बोलले हाय तिला," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"बोललीस ते बराबर हाय. अन्न शिवणार न्हाई, म्हणलीस. मग खरंच न्हाई शिवत." आमच्याकडे काशीला गेलं की आपल्या आवडीची एखादी वस्तू तिथे कायमची सोडून यायची पद्धत आहे. कुणी वांगं सोडतं, कुणी पेरू. न आवडणारी वस्तू सोडणारे चतुर लोकही असतात. अण्णा म्हणाले, "काशीला जायाचं काय जमत न्हाई. हितंच सोडतो. पीठ सोडलं. साखर तर सुटलीच."

"पीठ सोडून माणूस जगतंय का?" आईने विचारलं.

"बघू की," अण्णा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला माझंच कुतूहल दिसलं. पहिल्यांदाच.

पुढचे दिवस सोपे नव्हते. दही, काकडी, खोबरं, मूठभर शेंगदाणे, भोपळ्याची भाजी. त्यांचं डोकं दुखायचं, हात थरथरायचे, रात्रभर तळमळायचे. एका सकाळी पट्ट्याशेजारी घाम येऊन मटकन खाली बसले, आणि आईने कणगीमागचा डबा आणून त्यांच्या तोंडात साखर घातली. ज्या साखरेवर घरात बंदी होती तिनेच त्या घटकेला जीव राखला. मी डॉक्टरांकडे धावले. खाणं एवढं कमी केलं, तर गोळी तेवढीच ठेवून चालत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "मला विचारायचं राहून गेलं वाटतं. असो, बी.एस्सी. अजून पूर्ण झालेली नाही ना?" गोळी अर्धी केली, आणि मग खुर्ची पुढे ओढून सगळं परत सांगायला लावलं. आयोडीनची हकीकत त्यांनी दोनदा ऐकली.

म्हणून आज कुणी मला "तुमच्या वडिलांसारखं करू का?" असं विचारलं की मी आधी म्हणते, गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. मी शिक्षिका, येरवड्याच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, वैद्यकी केली नाही. आता माझ्या नातवाच्या दंडावर टिकलीसारखं एक यंत्र चिकटवलेलं असतं आणि मोबाइलवर त्याच्या साखरेची रेघ दिसते. परवा चतुर्थीला खिचडी खाऊन ती रेघ चढताना त्याने दाखवली. "आजी, बघ, शूट झालं." मी म्हटलं, बाळा, हे आमच्याकडे मोरीत कळायचं.

आठव्या माळेला परीक्षानळीत पिवळं दिसलं. खंडेनवमीला, गिरणीच्या पूजेच्या दिवशी, हिरवं. आई नाक झाकायला विसरून कितीतरी वेळ नळीकडे बघत होती. मग तिने ते हिरवं पाणी दिव्यावरून उतरवून ओतून दिलं, हात धुतले आणि देवीला फूल वाहिलं. अण्णा म्हणाले त्यांना सगळ्यात नवल वाटतंय ते भुकेचं. "चारला फडताळाकडं पाय जात न्हाईत आता. कुणीतरी कानात ओरडायचं थांबलंय बघ."

दसरा झाल्यावर डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखमेच्या कडा कोरड्या झाल्या होत्या, मधे गुलाबी मांस दिसत होतं. त्यांनी बोट दाबून पाहिलं. "बोट राहू द्या," म्हणाले, "तुमचंच आहे." जखम पूर्ण भरायला थंडी सरावी लागली.

एक घोळ मात्र झाला, जो गिरणीवाल्याच्याच घरी होऊ शकतो. अण्णा पीठ खात नाहीत ही बातमी सोसायट्यांमध्ये पोचली. गिरणीवाला स्वतःच पीठ खात नाही, म्हणजे नक्की काहीतरी मिसळत असणार. डबे कमी झाले. शेवटी आपटेकाकूच तोंडावर बोलल्या, "अण्णा, लोक म्हणतात, आचारी जेवत नसेल तिथे पाहुण्याने जेवू नये."

अण्णांनी त्यांच्या डब्याचं झाकण लावलं. "काकू, दारूच्या दुकानदारानं प्यालीच पाहिजे, असं हाय का?"

"म्हणजे आमचं पीठ दारू?"

"तुमचं न्हाई. माझं."

काकूंना ते पटलं असावं, कारण पुढच्या आठवड्यापासून त्या गव्हाबरोबर वादही घेऊन येऊ लागल्या, आणि त्यांच्यामागून बाकीचे डबेही.

माझा निकाल लागला तेव्हा आईने पेढे आणले. घराण्यातला पहिला पदवीधर, त्यातून मुलगी. पहिला पेढा गिरणीपुढे ठेवायचा म्हणून अण्णांनी त्या दिवशी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, जुन्या सवयीने. गिरणीला नमस्कार केला, पेढा उचलला आणि माझ्या तोंडात घातला. बोटांना पेढ्याची साखर लागली होती. मी बघत होते. आई बघत होती. त्यांनी बोटं नाकाशी नेली, एकदा खोल वास घेतला, आणि चाटली नाहीत. मोरीवर गेले, साबण लावून हात धुतले, धोतराला पुसले आणि येऊन गिरणी सुरू केली. त्यांच्यामागे पिठात पावलं उमटली होती. मी वाकून डावं पाऊल पाहिलं. पाचही बोटं होती.